पूर्ण नाव, तुमच्या तोंडानं

नव्वदच्या दशकाच्या मधल्या एका उन्हाळ्यात, मंगळवारी सकाळी नऊ वाजून गेल्यावर, भाईंदर पूर्वेच्या आमच्या सोसायटीत राहणाऱ्या नर्स, ज्यांना सगळे सिस्टर म्हणत, टँकरच्या पाण्याने भरलेली कळशी घेऊन जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून खाली कोसळल्या. उजव्या पायाचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं आणि डोक्याला मार होता. अर्ध्या तासाच्या आत त्यांना जेसल पार्कमधल्या एका नर्सिंग होमच्या कॅज्युअल्टीत नेलं. सोबत सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांच्या पत्नी आणि मी, असे तिघे होतो. तिथल्या नर्सने दोन प्रश्न विचारले. पेशंटचं नाव काय, आणि कुठलं औषध त्यांना चालत नाही का. पहिल्याचं उत्तर तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. दुसऱ्याचं मला अर्धं माहीत होतं. एक इंजेक्शन त्यांना चालत नव्हतं. कुठलं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

सिस्टरांचा माणसांवर एकच आक्षेप होता, तो म्हणजे माणसं फार लवकर ‘हो’ म्हणतात. भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, एका खासगी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी त्यांनी कित्येक वर्षं सांभाळली. कॅज्युअल्टी म्हणजे तीन पलंग, एक ऑक्सिजनचा सिलिंडर, भिंतीवरचं एक घड्याळ आणि एक लोखंडी स्टूल. एवढ्या जागेत पडलेले, कापलेले, भाजलेले आणि नुसते घाबरलेले लोक दिवसभर येत. प्रत्येकाच्या उशाशी जाऊन सिस्टर एकच वाक्य म्हणत, ‘पूर्ण नाव सांगा, तुमच्या तोंडानं.’ ‘तुम्ही सावंत का?’ असं त्यांनी कधी विचारलं नाही आणि हाताखालच्या कुणाला विचारू दिलं नाही. दुखणाऱ्या माणसाला पांढऱ्या कपड्यातल्या बाईने काहीही विचारलं तरी तो हो म्हणतो, असं त्यांचं मत होतं. मी पायात खिळा घुसला म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेलो होतो, तेव्हा हे मत पहिल्यांदा ऐकलं. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि पुराव्याशिवाय काही मान्य न करण्याबद्दल मला पगार मिळत होता. तसं मी म्हणालो. तेवढ्यात उत्तनजवळच्या डोंगरीहून एक धिप्पाड माणूस आला. मुतखड्याच्या कळांनी तो पलंगावर वाकडातिकडा झाला होता. सिस्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्याला विचारलं, ‘तुम्ही शकुंतलाबाई का?’

‘हां, हां, मीच हाय,’ तो म्हणाला. ‘आदी सुई मारा.’

सोबत आलेला त्याचा भाऊ गोंधळला. ‘बाय, तो शकुंतला न्हाय.’

‘ते मला दिसायलंय,’ सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी त्याच माणसाला त्याच आवाजात पूर्ण नाव त्याच्या तोंडून सांगायला लावलं, ते मनगटावरच्या चिकटपट्टीवर लिहिलं, वेळ टाकली आणि सुई मारली. माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. पुरावा देऊन झाला होता.

ही चिकटपट्टी त्यांचा दुसरा नाद. जखमेवर कापूस चिकटवायची पांढरी कापडी पट्टी, ती त्या पर्समध्ये, डब्यात आणि साडीच्या पदराला पिन लावून बाळगत. कॅज्युअल्टीत आलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर नावाची पट्टी लागे. सलाइनच्या बाटलीवर लागे. भरून ठेवलेल्या प्रत्येक सुईवर लागे. पट्टी नसलेली भरलेली सुई दिसली तर ती कुणी, कशासाठी भरली याची चौकशी न करता त्या सरळ मोरीत रिकामी करत. घरीही तेच. त्यांच्या थर्मासवर ‘चहा, ७.१०’ असं लिहिलेलं असे आणि दहाच्या पुढे तो चहा त्या पीत नसत. सोसायटीतल्या सगळ्यांच्या पाण्याच्या पिंपांवर त्यांनी ब्लॉक नंबराच्या पट्ट्या लावल्या, तेव्हा पिंपांवरून होणारी भांडणं बंद झाली आणि पट्ट्यांवरून सुरू झाली. एकदा सोसायटीची सहल उत्तनच्या किनाऱ्यावर गेली होती. सिस्टरांनी बसमध्ये बसण्यापूर्वी सतरा मुलांच्या मनगटांवर पट्ट्या लावल्या आणि अठरावी पट्टी सेक्रेटरींच्या मनगटावर लावली. ‘मी हरवणार आहे का, सिस्टर?’ सेक्रेटरींनी विचारलं. ‘हरवणाऱ्याला आधी कुठं माहीत असतं?’ सिस्टर म्हणाल्या. संध्याकाळी परतताना मुलं सतराच्या सतरा होती. सेक्रेटरींची वाट पाहत बस चाळीस मिनिटं थांबली. ते मासळी घ्यायला गेले होते.

डॉक्टरांना सिस्टरांचा त्रास वेगळा होता. दारातून जाता जाता ‘सिस्टर, त्या दोन नंबरला अमुक द्या’ असं म्हणायची पद्धत सगळीकडे होती आणि आहे. सिस्टर त्यावर हलत नसत. ‘दारातून सांगितलेली ऑर्डर मी दारातच ठेवते,’ असं म्हणत. डॉक्टरांनी पलंगापाशी यायचं, औषध आणि प्रमाण सांगायचं, सिस्टरांनी ते जसंच्या तसं मोठ्याने परत म्हणायचं, डॉक्टरांनी ‘बरोबर’ म्हणायचं, मग औषध. एक नवे डॉक्टर वैतागले. ‘सिस्टर, मी मराठीतच बोललो ना?’

‘बोललात डॉक्टर. आता मी मराठीतच ऐकलंय का तेवढं बघा.’

ते डॉक्टर गुजराती, पेशंट उत्तर प्रदेशचा आणि सिस्टर परभणीकडच्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण त्यांनी परत म्हणून दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘निम्मं करा.’ सिस्टरांनी ‘निम्मं’ असं न लिहिता आकडा विचारून घेतला.

एका पेशंटसोबत दहा-बारा माणसं येत आणि बाराही बोलत. त्यांच्यासाठी ते लोखंडी स्टूल होतं. बोलणाऱ्या एकाने स्टुलावर बसायचं. बाकीच्यांनी उभं राहून ऐकायचं. कुणी मध्ये बोललंच तर सिस्टर स्टुलावरच्याला उठवून त्याला बसवत आणि हकिगत पहिल्यापासून सुरू करत. तीन वेळा स्टूल बदललं की गर्दीतला सगळ्यात शहाणा माणूस आपोआप पुढे येतो, असा त्यांचा अनुभव होता. बहुतेक वेळा ती म्हातारी बाई असते, असंही त्या सांगत.

म्हाताऱ्या बायकांचा मात्र एक प्रश्न होता. त्यातल्या पुष्कळशा नवऱ्याचं नाव घेत नसत. त्या ‘हे’ म्हणत, ‘घरचे’ म्हणत, फार झालं तर मोठ्या मुलाचं नाव घेऊन ‘त्याचे वडील’ म्हणत. नवरा बोलण्याच्या स्थितीत नसला की सोबतचा शेजारी पुढे होऊन सांगेल ते नाव लागे, आणि शेजाऱ्याला बऱ्याचदा हाक मारायचं नावच ठाऊक असे. एका दुपारी कोकणातली एक बाई नवऱ्याला छातीत दुखतंय म्हणून घेऊन आली. मी त्या दिवशी सिस्टरांना सोसायटीच्या मीटिंगची नोटीस द्यायला गेलो होतो, म्हणून हे मी पाहिलेलं आहे. शेजाऱ्याने नाव सांगितलं, ‘आबा.’ हाताखालच्या नर्सने पट्टीवर ‘आबा’ लिहिलं. बाजूच्या पलंगावर दुसरे एक आबा होते, जुने मधुमेही, आणि त्यांचं साखर उतरवायचं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये तयार होतं. त्यावरच्या पट्टीवरही ‘आबा’ होतं. सिस्टर आल्या, दोन्ही पट्ट्या वाचल्या, ट्रे उचलून कपाटावर ठेवला आणि त्या बाईसमोर उभ्या राहिल्या.

‘मावशी, यांचं पूर्ण नाव सांगा.’

‘आबाच म्हणतात सगळे.’

‘सगळे म्हणोत. तुम्ही काय म्हणता?’

बाई खाली बघत राहिली. मागून कुणीतरी हसलं. सिस्टर वळल्या नाहीत. ‘मावशी, असं नुसतं नका सांगू. उखाण्यात घ्या. लग्नात घेतलं होतंत ना?’

कॅज्युअल्टीत ऑक्सिजनचा आवाज येत होता. बाईने पदर डोक्यावरून नीट घेतला, समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाली, ‘भिंतीवरच्या घड्याळाला दोनच काटे, काशिनाथरावांचं नाव घेते, भीती मला वाटे.’

सिस्टरांनी काशिनाथ लिहिलं, आडनाव विचारून लिहिलं, पट्टी बदलली आणि बाईला स्टुलावर बसवलं. मधुमेही आबांचं पूर्ण नाव त्यांच्याच तोंडून घेतलं. ते इंजेक्शन त्यांनाच मिळालं. पुढे हा सिस्टरांचा रिवाज झाला. बाजारातले लोक चेष्टेने त्यांच्या कॅज्युअल्टीला ‘मांडव’ म्हणू लागले. सिस्टरांना ते कळलं होतं. त्यांनी त्यावर काही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

ड्यूटीवरून आल्या की त्या पहिल्या मजल्याच्या पायरीवर पाच मिनिटं बसत. चपला काढून बाजूला ठेवत आणि पायांकडे बघत. मी ऑफिसला निघायच्या वेळी हे अनेकदा दिसे. ‘काय करायलात, सिस्टर?’ मी त्यांच्याच बोलीत विचारी. ‘पाय माझेच आहेत का ते बघायले, भाऊ.’ एकदा मी विचारलं की दिवसाला पन्नास वेळा तेच वाक्य म्हणून कंटाळा येत नाही का. त्यांनी चपला पुन्हा पायात घातल्या. मग म्हणाल्या, ‘येतो की. फार येतो. कंटाळा आला की समजायचं, आता चूक होणार. मग मी मोठ्यानं विचारते.’ नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्या फारच मोठ्याने विचारत, असं हॉस्पिटलमधले लोक सांगत.

त्यांच्याकडे एक शंभर पानी वही होती. तिच्या कव्हरवर पट्टी लावून त्यांनी ‘थोडक्यात वाचलं’ असं लिहिलं होतं. कॅज्युअल्टीत होता होता राहिलेल्या चुका त्यात लिहिलेल्या असत: काय होणार होतं, कुणाच्या लक्षात आलं, कशामुळे आलं, आता काय बदललं. चूक करणाऱ्याचं नाव कुठेही नसे. सगळ्यांच्या मनगटावर नाव लावणाऱ्या बाईने ही एक जागा बिननावाची ठेवली होती. आया, वॉर्डबॉय, डॉक्टरसुद्धा आपण होऊन येत आणि आपली चूक तिथे लिहायला सांगत. मला त्या वहीचा वास लागला, तेव्हा मी ती मागितली. बातमी मोठी होती. हॉस्पिटलचं नाव छापणार नाही असंही कबूल केलं.

‘छापाल तुम्ही चांगलंच,’ सिस्टर म्हणाल्या. ‘पण उद्यापासून मला कुणी सांगणार नाही. मग वही कोरी राहील आणि लोक म्हणतील, बघा, इथं चुकाच होत नाहीत.’

मी आग्रह केला. त्यांनी मला पहिलं पान वाचू दिलं, तेवढंच. पहिली नोंद त्यांची स्वतःची होती, भाईंदरला येण्यापूर्वीची, मराठवाड्यातल्या एका दवाखान्यातली. वॉर्डात एकाच नावाच्या दोन बायका होत्या. नव्या नर्सने एकीला विचारलं, तुम्ही अमुकबाई का. ती हो म्हणाली. इंजेक्शन दुसरीचं होतं. नोंदीच्या शेवटी दोन शब्द होते: ‘वाचली नाही.’ कव्हरवरच्या शीर्षकात न बसणारी ती वहीतली एकमेव नोंद होती, असं त्या म्हणाल्या. बाकीची पानं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे याला दुसरा आधार नाही. बातमी मी केली नाही.

सोसायटीत त्या आल्या ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, आमच्यानंतर दोन महिन्यांनी. जिन्याखालच्या फलकावर रहिवाशांची नावं रंगवायची होती. सेक्रेटरींच्या पत्नींनी त्यांना आडनाव विचारलं.

‘सिस्टर लिहा. सगळे तेच म्हणतात.’

‘ते झालं हो. पण तुम्ही कुठल्या?’

‘परभणीकडच्या.’

‘तसं नाही. म्हणजे कुठल्या?’

‘कॅज्युअल्टीतल्या,’ सिस्टर म्हणाल्या आणि वर गेल्या.

फलकावर ‘सिस्टर’ असं रंगवलं गेलं. पत्रं भाचीची येत, त्यांवर ब्लॉक नंबर ठळक असे. पोस्टमन नंबर बघून पत्र दाराखालून सरकवी. सोसायटीच्या कागदपत्रांत ब्लॉक त्यांच्या मुंबईतल्या भावाच्या नावावर होता. असा त्यांच्या नावावाचून कुणाचा काही खोळंबा झाला नाही.

त्यांनी मात्र आमच्या नावांचा पिच्छा सोडला नाही. एका रविवारी सकाळी त्या प्रत्येक ब्लॉकमध्ये एक आखलेला कागद घेऊन आल्या. घरातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, वय, रक्तगट, जुने आजार, चालू गोळ्या, न चालणारी औषधं, कुणाला कळवायचं. कागद भरून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे टाचणीने लावायचा. कॅलेंडरच्याच मागे का, तर घाईत माणसाला कपाटाची किल्ली सापडत नाही, पण कॅलेंडर सापडतं. लोकांनी कंटाळत कागद भरले आणि सिस्टरांनी निम्मे परत आणले. सेक्रेटरींनी वय सहा वर्षांनी कमी लिहिलं होतं. तळमजल्यावरच्या गुजराती शेठनी सगळ्या रकान्यांत मिळून ‘ऑल ओके’ लिहिलं होतं. माझा कागदही परत आला. ‘हे पेपरातलं नाव आहे,’ त्या म्हणाल्या. ‘घरचं लिहा.’ माझ्या सासूबाईंना सल्फाच्या गोळ्या चालत नाहीत, हे आमच्या लग्नाला दहा वर्षं झाल्यावर मला त्या कागदामुळे कळलं. त्याच वेळी सिस्टर सहज म्हणाल्या होत्या, ‘मलाबी एक इंजेक्शन चालत नाही. ट्रेनिंगला असताना घेतलं होतं. घसाच बंद झाला.’ मी ‘अरे बापरे’ म्हणालो आणि सासूबाईंच्या गोळ्यांचं स्पेलिंग विचारलं.

पडण्यापूर्वी वर्षभर त्या घरीच होत्या. त्यांचं हॉस्पिटल बंद पडलं होतं. त्या जागी साड्यांचं दुकान आलं होतं. त्या सोसायटीतल्या म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर मोजत आणि मोजण्यापूर्वी रोज त्यांना पूर्ण नाव विचारत.

त्या मंगळवारी कॅज्युअल्टीतली नर्स मल्याळी होती, वयाने लहान. तिच्या हातात पेन होतं. ‘पेशंट का नाम?’

‘सिस्टर,’ सेक्रेटरी म्हणाले.

‘आपकी सिस्टर है? ठीक है. नाम क्या है?’

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या पत्नींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘मी विचारलं होतं एकदा.’

सिस्टर पलंगावर होत्या. डोळे उघडे होते. टँकर गेला का, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. डॉक्टर मराठी होते. जखम उघडी आहे, ताबडतोब इंजेक्शन सुरू करायला हवं, असं ते म्हणाले. एक इंजेक्शन यांना चालत नाही आणि त्याने घसा बंद झाला होता, एवढं मी सांगितलं. कुठलं, ते त्यांनी विचारलं. मी माहीत नाही म्हणालो. घसा बंद झाला होता म्हटल्यावर, आधी थोडंसं टोचून रिअॅक्शन येते का ते बघायचा धोका त्यांनी घेतला नाही. त्या स्वतः नर्स आहेत असं सेक्रेटरींनी सांगितल्यावर डॉक्टर सिस्टरांवर वाकले.

‘सिस्टर, पेनिसिलिन चालतं ना तुम्हाला?’

‘हो,’ सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान हलवली. नर्सने बाटली उचलली. पेशंट स्वतः प्रशिक्षित होती, शुद्धीवर होती आणि उत्तर स्पष्ट होतं. बातमीच्या हिशेबाने याहून चांगला स्रोत मिळत नाही.

‘त्यांना दुसरं काहीतरी विचारा,’ मी म्हणालो.

‘काय?’

‘तुमचं नाव गजानन का, असं विचारा.’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सेक्रेटरींच्या पत्नींनीही पाहिलं. डॉक्टरांनी विचारलं नाही. नर्सने विचारलं, हिंदीत. ‘सिस्टर, आपका नाम गजानन है?’

‘हो, हो,’ सिस्टर म्हणाल्या. ‘टँकर गेला का?’

नर्सने बाटली खाली ठेवली. किती वेळात कळेल, असं डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं, घरी कागद असणार. त्यांनी पंधरा मिनिटं दिली. तोवर जखम धुऊन घेतो म्हणाले.

रिक्षाने सोसायटीत यायला पाच मिनिटं लागली. सिस्टरांचं दार उघडंच होतं. कळशी अजून जिन्यात होती. मी आत गेलो तेव्हा लक्षात आलं की मी या घरात पहिल्यांदा येत होतो. त्या आमच्याकडे किती वेळा येऊन गेल्या त्याची गणती नव्हती. आमच्यापैकी कुणी त्यांच्याकडे चहाला गेलं होतं का, हे मी नंतर बायकोला विचारलं. ‘कुणीच नाही,’ ती म्हणाली.

कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दाराशी होतं. त्याच्या मागे काही नव्हतं. मी टाचणीचं भोक शोधलं. तेही नव्हतं. थर्मासवर त्या सकाळची वेळ होती. बाहेरच्या खोलीत कपाट होतं, कुलूप लावलेलं. घरात घाईत सापडेल असं दुसरं काय आहे, ते मी पाहू लागलो. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली एका वाटीत सकाळची फुलं. मी तसबीर भिंतीपासून थोडी पुढे ओढली. कागद तिच्या मागे होता, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला.

पहिल्या ओळीत पूर्ण नाव होतं, तीन शब्द. सहाव्या ओळीत ‘पेनिसिलिन’ होतं, खाली दोन रेघा मारलेलं. शेवटच्या रकान्यात, कुणाला कळवायचं त्याखाली, भाचीचा परभणीचा पत्ता होता आणि त्याखाली आमचा ब्लॉक नंबर.

फोन आमच्या घरी होता. मी नर्सिंग होमला लावला आणि कागद वाचला. पलीकडे ती नर्स होती. ‘फिर से पढ़िए,’ ती म्हणाली, ‘नाम से.’ मी नावापासून पुन्हा वाचला. तिने तो तिच्या उच्चारात परत म्हणून दाखवला. ‘बराबर?’ मी बरोबर म्हणालो. डॉक्टरांनी दुसऱ्या गटातलं इंजेक्शन दिलं. दोन दिवसांनी पायाचं ऑपरेशन झालं.

सिस्टर सहा आठवड्यांनी घरी आल्या. कागद परत द्यायला मी आणि बायको गेलो. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, काही पुसलं गेलंय का ते पाहिलं.

‘कुठं सापडला?’

‘तसबिरीमागे.’

त्यांनी मान हलवली. ‘मग कळलं तुम्हाला.’

‘काय?’

‘नाव, भाऊ.’

मी हो म्हणालो. बायकोने आपणहून चहा मागितला आणि स्वतःच उठून केला. तो आम्ही तिथेच घेतला. गजाननची हकिगत मी त्यांना सांगितली, तेव्हा त्या हसल्या नाहीत. वही मागवली, आणि स्वतः लिहिलं. काय होणार होतं, कुणाच्या लक्षात आलं, कशामुळे आलं. ‘हो’ म्हणणाऱ्याचं नाव लिहिलं नाही. ‘वहीत शेवटची नोंद हीच,’ म्हणाल्या. ‘थकले आता.’

त्या महिन्यात फलकाला नवा रंग द्यायचा होता. सेक्रेटरींच्या पत्नी वर गेल्या आणि नाव विचारून आल्या. सिस्टरांनी ते चिकटपट्टीवर लिहून दिलं होतं. पेंटरने रंगवून झाल्यावर त्या काठी टेकत खाली आल्या आणि ताजा रंग न पुसता एक एक अक्षर वाचून गेल्या. फलकावर ते नाव आठ महिने होतं. मग त्या परभणीला भाचीकडे राहायला गेल्या आणि ब्लॉक विकला गेला.

हा मजकूर लिहिताना नाव छापू का, असं विचारणारं पत्र मी त्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून नाव छापलेलं नाही. पोचपावती आली आहे. तिच्यावर तीन शब्दांची पूर्ण सही आहे आणि सहीखाली वेळ आहे: सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.